एस्कलांटेच्या पुढे टपाल नाही

रविवार, 11 नोव्हेंबर 1934. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या एस्कलांटे गावाबाहेर, नदीकाठी तुम्ही उभे आहात. नदी म्हणायची एवढंच; या दिवसांत पाणी जेमतेम घोट्याला लागतं. काठावरच्या कॉटनवूडची पानं पिवळी होऊन बरीचशी गळली आहेत, पाय पडेल तिथे चुरचुरतात. हवा इतकी कोरडी की ओठ आतून ओढले जातात. गाव समुद्रसपाटीपासून पावणेसहा हजार फुटांवर आहे. सूर्य डोंगराआड गेला, तशी थंडी मानेवरून आत शिरली.

इथे तुम्हाला सगळं दिसेल, ऐकू येईल, वासही येईल. बोलता मात्र येणार नाही. ही अट आताच पत्करा, कारण पुढे तुम्हाला बोलावंसं फार वाटणार आहे.

झाडाखाली शेकोटी पेटली आहे. निखाऱ्यांत बटाटे खुपसलेत, वर हरणाचं मांस भाजतंय. भोवती गावातली पोरं बसली आहेत आणि त्यांच्या मधोमध एक मोठा पोरगा आहे. वीस वर्षांचा, सडपातळ, रुंद काठाची हॅट, दाढी जेमतेम फुटलेली. बाजूला दोन गाढवं. एकाचं नाव कॉकलबर्स, दुसऱ्याचं चोकोलातेरो. गेले काही दिवस हा पोरगा या मुलांबरोबर घोड्यांवर हुंदडला, जुन्या लोकांच्या दगडी बाणाग्रांच्या शोधात टेकड्या धुंडाळल्या, आणि काल रात्री दोघा पोरांना स्वतःच्या पैशाने सिनेमाला घेऊन गेला. सिनेमाचं नाव ‘डेथ टेक्स अ हॉलिडे’. मृत्यू माणसाचं रूप घेऊन तीन दिवसांच्या सुट्टीवर येतो, अशी ती गोष्ट. ही पोरं म्हातारी होईपर्यंत या आठवणी सांगणार आहेत.

पोराचं नाव एव्हरेट रूस. उद्या तो इथून निघेल. त्यानंतर आठवडाभराने दोन मेंढपाळ त्याला भेटतील. आणि मग त्याला कुणीही पाहणार नाही.

तुम्ही त्याच्याबरोबर चालायला आला आहात. कदाचित तुमच्याही मनात विशी-बाविशीत कधी हेच येऊन गेलं असेल: परीक्षा, नोकरी, लग्न, फ्लॅटचा हप्ता हे सगळं टाकून एक पिशवी पाठीला लावायची आणि जिथे कुणी ओळखत नाही अशा रानात जाऊन राहायचं. बहुतेक जण दोन दिवस सह्याद्रीत भटकून सोमवारी कामावर हजर होतात. हा गेला तो गेलाच. म्हणून त्याच्याभोवती पुढे एक वलय तयार झालं. ते वलय थोडं बाजूला सारून माणूस पाहावा, एवढ्यासाठी तुम्हाला इथे आणलं आहे.

आज त्याने दोन पत्रं लिहिली आहेत. एक थोरल्या भावाला, वॉल्डोला. दुसरं आई-वडिलांना, लॉस एंजेलिसला. त्याच्या खांद्यावरून वाकून वाचा. भावाला त्याने कळवलं आहे की इतक्यात शहरात परतेन असं वाटत नाही. ट्रामपेक्षा खोगीर बरं, छपरापेक्षा उघडं आभाळ बरं. आई-वडिलांना कळवलं आहे की महिना-दोन महिने वाटेत टपालखाना लागणार नाही. सोबत दहा डॉलर ठेवले आहेत. माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त आहेत, दोघांनी पाच-पाच घ्या आणि स्वतःच्या आवडीच्या कशावर तरी उडवा, कर्तव्याशी संबंध असलेल्या कशावर नको, अशी तंबीही दिली आहे.

या दहा डॉलरांपाशी जरा थांबा. 1934 साल आहे. महामंदीचं पाचवं वर्ष. आदल्या वर्षी अमेरिकेत चार कामगारांमागे एक बेकार होता. हजारो पोरं मालगाड्यांच्या टपावर बसून गावोगाव कामाच्या शोधात फिरताहेत. सरकारने अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणांना जंगलात झाडं लावायला, रस्ते-बांध घालायला पाठवण्याची योजना 1933 मध्ये काढली आहे. म्हणजे घर सोडून रानात जाणारा हा एकटाच नाही. बाकीच्यांना पोट हाकलतंय. याला मात्र घरून पैसे येतात. ओढग्रस्तीच्या त्या काळातही आई-वडील त्याला जमेल तसे डॉलर पाठवत आले आहेत, आणि आज त्याच पैशांतले, नाहीतर चित्रं विकून आलेल्या पैशांतले दहा डॉलर उलट्या दिशेने निघाले आहेत. समाज सोडून निघालेल्या मुलाची ही पाकिटं मला त्याच्या सगळ्या साहसांपेक्षा जास्त बोलकी वाटतात.

अंधार पडला. पश्चिमेला पंचमीच्या सुमाराची कोर आहे. पोरं घरी गेली. तो घोंगड्यात शिरेपर्यंत त्याची मागची चार वर्षं सांगून टाकतो.

जन्म 28 मार्च 1914, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. वडील ख्रिस्तोफर आधी चर्चमध्ये धर्मोपदेशक होते, नंतर गुन्ह्यात सापडलेल्यांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी झाले. आई स्टेला चित्रकार, कविता लिहिणारी, लाकडावर कोरून ठसे छापणारी. मुलाला हात तिचाच मिळाला. सोळाव्या वर्षी, 1930 च्या उन्हाळ्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत तो कार्मेल गावी पोचला आणि एडवर्ड वेस्टन या नामांकित छायाचित्रकाराचं दार त्याने सरळ ठोठावलं. वेस्टनने त्याला घरात घेतलं. पुढच्या वर्षी शाळा संपताच तो ॲरिझोनाला गेला, नवाहो या मूळनिवासी लोकांच्या मुलखात. गाढव घेतलं, कुत्र्याचं एक पिल्लू पाळलं आणि ग्रँड कॅन्यनपासून झायनपर्यंत पायी हिंडला. मग घरी. मग पुन्हा वाळवंट. मग विद्यापीठात नाव घातलं आणि थोड्याच महिन्यांत काढलं. 1933 च्या हिवाळ्यात तो सॅन फ्रान्सिस्कोत होता. तिथे डोरोथिया लँगने त्याचे फोटो काढले, ॲन्सेल ॲडम्सने आपलं एक छायाचित्र त्याच्या चित्राच्या बदल्यात दिलं, मेनार्ड डिक्सनने चित्रकलेचे धडे दिले. त्या काळच्या अमेरिकन कलेतली ही मोठी माणसं, आणि त्यांच्या चुलीपाशी हा एकोणीस वर्षांचा पोरगा विनासंकोच जाऊन बसत होता.

तेव्हा माणसांचा कंटाळा येऊन पळालेला मुलगा अशी त्याच्याबद्दल समजूत करून घेतली असेल तर ती इथेच सोडा. त्याला माणसं फार लागत. त्याला न सोसणारी गोष्ट होती ती रोज त्याच दाराने आत जाण्याची. एकटेपणाचा त्याला त्रासही व्हायचा. ते त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. रानात तो मोठ्याने गायचा, ऑर्केस्ट्राच्या सिम्फन्या आठवून आठवून. ऐकायला गाढवं.

आणि तो संत नव्हता. 1932 मध्ये त्याने आपल्या कुत्र्याला, कर्लीला, रागाच्या भरात बेदम मारलं. कुत्रा पळाला तो परत आला नाही. एव्हरेट त्याला शोधत फिरला, रोजनिशीत स्वतःलाच बोल लावत राहिला. या गोष्टीची कुणी फारशी चर्चा करत नाही. मला ती सांगावीशी वाटते, कारण निसर्गात गेलं की माणूस आपोआप निर्मळ होतो हा समज त्याच्या गोष्टीला फार चिकटवला जातो. संताप त्याच्याबरोबर रानात गेला होता, आणि तो सोसायला जवळ एक कुत्रा होता.

सकाळ झाली. चला.

गावातून आग्नेयेला जाणारी ही वाट मॉर्मन पंथाच्या लोकांनी पाडली. 1879 च्या हिवाळ्यात सुमारे अडीचशे स्त्री-पुरुष-पोरं ऐंशीहून अधिक गाड्या घेऊन नवी वस्ती करायला इथून निघाली. सहा आठवड्यांत पोचू असा अंदाज होता, लागले सहा महिने. वाटेच्या टोकाला कोलोरॅडो नदीवरचा उभा कडा आला, तेव्हा त्यांनी कड्यातली एक भेग सुरुंगांनी रुंद केली आणि दोर बांधून गाड्या त्यातून खाली सोडल्या. त्या भेगेला होल-इन-द-रॉक म्हणतात. ‘निर्मनुष्य’ म्हणवणाऱ्या या रानातली एकुलती एक वाट एवढ्या माणसांच्या खांद्यांनी झाली आहे, आणि आज एव्हरेट त्याच वाटेने चालतो आहे.

तुमच्या उजव्या हाताला कैपॅरोविट्स पठाराची भिंत सुरू होते. दिवसभर चाला, ती संपत नाही. दुसऱ्या दिवशीही संपत नाही. तळाशी करडी, वर पिवळट, माथ्यावर जुनिपर आणि पिन्यन पाइनची काळपट रेघ. डाव्या हाताला जमीन सपाट भासते. सेजची राखाडी झुडपं, मेंढ्यांनी कुरतडलेलं गवत, मध्येच उघडा कातळ. पण त्या बाजूला अर्धा तास चालत गेलात तर पायाखालची जमीन एकाएकी तुटते. शेकडो फूट खाली लाल-केशरी दगडाची अरुंद घळ वळणं घेत गेलेली, तळाशी हिरव्या झाडांची ओळ आणि पाण्याचा बारीक आवाज. वरून चालणाऱ्याला तिचा सुगावाही लागत नाही. अशा घळी एकीला एक जोडून, सगळ्या एस्कलांटे नदीकडे निघालेल्या.

हा नवाहो सँडस्टोन. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या दाबल्या जाऊन झालेला दगड. हात फिरवून पाहा, बोटांना बारीक वाळू लागेल. काही कड्यांवरून काळे-जांभळे ओघळ उतरलेत. लोह आणि मँगनीजचा तो थर हजारो वर्षांत चढतो. दगड कोरडा असताना पावलाला छान पकड देतो आणि नेमका त्यानेच घात होतो: चढताना सगळं सोपं वाटतं, आणि उतरायला वळलात की खाली पाऊल ठेवायची जागा दिसत नाही. कड्यांवर जागोजाग बोटभर खोल खोबण्या दिसतील. सात-आठशे वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या लोकांनी आपल्या कपारींतल्या घरांपर्यंत, धान्याच्या कोठारांपर्यंत चढायला त्या खोदल्या. एव्हरेट असल्या खोबण्यांवरून दोर न लावता चढायचा. आपण किती वेळा मरता मरता वाचलो, हे पत्रांत आनंदाने कळवायचा. आईने तो आनंद कसा वाचला असेल?

पाण्यासाठी थांबा. कातळातल्या खळग्यांत पावसाचं पाणी साचलं आहे, वर पहाटेच्या बर्फाची पापडी. गाढवं तिला नाकाने ढकलून पितात. त्यांच्या पाठीवर पाहा काय काय आहे: तांदूळ-पिठाच्या पिशव्या, आटीव दुधाचे डबे, जलरंग, कागद, पुस्तकं, वह्या, पांघरुणं. एका माणसाच्या एकांताला दोन जनावरांचं ओझं लागतं. संपलं की कुठल्यातरी वाणसामानाच्या दुकानात भरायचं, टपाल गोळा करायचं, पुढे निघायचं. चार वर्षं हे असंच चाललं. पुढचा पत्ता त्याने ठरवून ठेवला आहे: मार्बल कॅन्यन, ॲरिझोना. पत्रं तिकडे पाठवा.

आता दक्षिणेकडे नजर टाका. दूर, कोलोरॅडोच्या पलीकडे, निळसर घुमटासारखा एक डोंगर दिसतो. तो नवाहो माउंटन. या उन्हाळ्यात एव्हरेट तिकडेच होता. त्सेगी कॅन्यनमध्ये पुरातत्त्वज्ञांच्या तुकडीबरोबर उत्खननाला स्वयंपाक्याचं काम केलं, होपी लोकांच्या गावी त्यांच्या विधिनृत्यात त्यांनी त्याला सामील करून घेतलं, नवाहोंच्या मातीने लिंपलेल्या गोल लाकडी घरांत, होगनमध्ये, जेवला-झोपला, त्यांची भाषा थोडीफार उचलली.

पण त्याच वर्षी त्या डोंगराच्या पायथ्याशी आणखी काय घडत होतं, तेही तुम्ही पाहायला हवं. सरकारी तज्ज्ञांनी ठरवलं होतं की नवाहोंची शेरडं-मेंढरं माळरान फार चरतात, त्यामुळे माती वाहून जाते आणि कोलोरॅडोवर बांधत असलेल्या बोल्डर धरणात गाळ भरेल. म्हणून 1933 पासून कळप कमी करायचे ठरले. मामुली भाव हातावर ठेवून शेळ्या ताब्यात घेतल्या, आणि जिथून हाकत नेणं परवडेना तिथे त्या गोळ्या घालून मारल्या, सडायला सोडल्या. शेळ्या-मेंढ्या म्हणजे नवाहो बायकांची स्वतःच्या हक्काची मिळकत, लोकरीचं, दुधाचं, मुलांच्या पोटाचं साधन. ज्या रानाला शहरातला तरुण मोकळं म्हणत होता, त्या रानात सरकार घरोघरची दावणी मोजत होतं. एव्हरेटला नवाहोंबद्दल खरंच ममत्व होतं, यात मला शंका नाही. तरीही त्याला वाटेल तेव्हा तिथून निघून जाता येत होतं. हा फरक लहान नाही, आणि रानावर लिहिणाऱ्या आम्हा लोकांकडून तो फार वेळा सुटतो.

आठवडा सरत आला. 19 नोव्हेंबरला, सोडा गल्च नावाच्या घळीजवळ, तुम्हाला आधी कुत्र्यांचं भुंकणं आणि मग मेंढ्यांचा वास येतो. एस्कलांटेचे दोन मेंढपाळ हिवाळी चराईला कळप घेऊन इथे उतरले आहेत. आपल्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे माळावर उतरतात, शेतात मेंढरं बसवतात, तसाच हा तळ: सामानाचा ढीग, धुराने काळा झालेला डबा, घोंगड्या, पहाऱ्याला कुत्री. आणि दिवसही तेच आहेत. इकडे महाराष्ट्रात त्रिपुरी पौर्णिमा तोंडावर आहे. या माळावरही चंद्र भरत आलाय. रात्री कातळ इतका उजळतो की दिवा लागत नाही.

एव्हरेट त्यांच्याकडे दोन रात्री राहतो. तुम्ही शेकोटीच्या कडेला बसा आणि नीट ऐका, कारण पृथ्वीवरचं त्याचं हे ज्ञात असं शेवटचं संभाषण आहे. तो वाटा विचारतो. नदीकडे कुठून उतरता येतं, कोणत्या घळीत जनावरं नेता येतात, जुन्या लोकांची घरं कुठे आहेत. ते सांगतात. निघताना ते त्याला मटण देऊ करतात. तो नको म्हणतो, पुरेसं खाणं आहे म्हणतो. एवढंच. तेव्हा त्या दोघांनाही त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही वाटलं नसेल. पुढे कितीजण येऊन त्यांना हेच पुनःपुन्हा विचारणार आहेत, याची त्यांना काय कल्पना?

तो गाढवांवर ओझं चढवतो. दोर आवळतो. आता तुम्हाला बोलायचं आहे. मला माहीत आहे. पुढे जाऊ नकोस, निदान त्या कड्यावर चढू नकोस, निदान कुणाला तरी सांगून जा. पण कोणत्या कड्यावर? तुम्हाला तरी ठाऊक आहे का? तो वाटेने पुढे जातो आणि तुम्ही मेंढपाळांजवळच थांबता. इथून पुढे त्याला पाहिलेला एकही माणूस नाही, आणि कागदावर लिहिलेला एकही शब्द उरला नाही. 1934 ची त्याची रोजनिशी कधीच मिळाली नाही. ज्यांनी त्याच्यावर पुस्तकं लिहिली त्यांतल्या काहींनी इथून पुढचं मनाने रंगवलं. मी तुम्हाला तिकडे नेणार नाही.

त्याऐवजी लॉस एंजेलिसच्या घरी चला. डिसेंबर गेला. नाताळ गेला. महिना-दोन महिने टपाल नसेल असं त्यानेच लिहिलं होतं, म्हणून आई-वडील धीर धरून आहेत. जानेवारी गेला. मार्बल कॅन्यनला पाठवलेली पत्रं कुणी न घेतल्यामुळे परत आली. आपल्याच हस्ताक्षरातली पाकिटं आपल्याच दारात. फेब्रुवारीत स्टेला आणि ख्रिस्तोफर यांनी एस्कलांटेच्या पोस्टाला पत्र टाकलं: आमचा मुलगा कुणी पाहिला आहे का?

आणि इथे पाहा काय होतं. पोस्ट सांभाळणाऱ्या बाई ते पत्र घेऊन घरी जातात. त्यांचे यजमान, जेनिंग्ज ॲलन, काउंटीचे कमिशनर आहेत. ते गावातली माणसं गोळा करतात. मार्च 1935 च्या सुरुवातीला, ज्या मुलाशी आपलं नातं थोड्या दिवसांच्या ओळखीचं, त्याच्यासाठी गावकरी घोड्यांवर खोगीर चढवून त्या वाटेने निघतात. मंदीचे दिवस आहेत, प्रत्येकाचं जनावर आणि प्रत्येकाचा दिवस पैशाचा आहे.

त्यांच्याबरोबर डेव्हिस गल्चमध्ये उतरा. एस्कलांटेपासून सुमारे 80 किलोमीटर. कातळावर कोरून काढलेल्या तिरक्या वाटेने घोडे घसरत-सावरत खाली येतात. आत ओक आणि विलोची दाटी, गुडघाभर गवत, दोन्ही बाजूंना भिंती. आणि तिथे, झुडपं-फांद्या टाकून अडवलेल्या आवारात, दोन गाढवं उभी आहेत. कॉकलबर्स आणि चोकोलातेरो.

माणसं पांगतात. हाका मारतात; घळ त्याच हाका परत करते. मातीत पांघरूण अंथरल्याची खूण आहे. आटीव दुधाचे रिकामे डबे, गोळ्यांचे कागद. त्याच्या बुटांचे ठसे, कड्याच्या पायथ्यापर्यंत गेलेले. पांघरुणं नाहीत, स्वयंपाकाची भांडी नाहीत, रंग नाहीत, वह्या नाहीत. कपारीतल्या एका जुन्या घराच्या उंबऱ्यावर कोरलेलं सापडतं: नेमो, 1934. दुसऱ्या एका जागी, प्राचीन भित्तिचित्रांजवळ, पुन्हा तेच.

वडिलांना त्याची उकल लगेच सुचली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत माणसांचं जग सोडून समुद्राच्या पोटात राहणारा कॅप्टन नेमो आहे; त्या नावाचा लॅटिनमधला अर्थ ‘कुणी नाही’. ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसने गुहेत राक्षसाला याच अर्थाचं नाव सांगितलं होतं. मुलाने दोन्ही वाचलं होतं. मला मात्र त्या अक्षरांपेक्षा त्यांची जागा खुपते. सातशे वर्षांच्या घराच्या उंबऱ्यावर, दुसऱ्याच्या चित्रांशेजारी. रानात आपली कसलीही खूण ठेवायची नाही हा नियम तेव्हा कुणी शिकवत नव्हतं, हे खरं. वीस वर्षांच्या मुलाला मी त्याबद्दल धारेवर धरणार नाही. पण ते घर कुणाचं तरी होतं, एवढं त्या जागी उभं राहिल्यावर म्हणावंसं वाटतं.

नंतरचे शोध, तर्क, भांडणं यांत तुम्हाला फार अडकवत नाही. कड्यावरून पडला असेल. कोलोरॅडो पोहून नवाहोंकडे जायला निघाला आणि बुडाला असेल. गुरं चोरणाऱ्यांनी सरकारचा माणूस समजून मारला असेल; त्या भागात गुरांची चोरी चालायची आणि पाळत ठेवणाऱ्यांची अफवाही होती. 1935 च्या उन्हाळ्यात ‘सॉल्ट लेक ट्रिब्यून’ने आपला बातमीदार नवाहो माग काढणाऱ्यासह पाठवला, आणि तो खुनाचाच निष्कर्ष घेऊन परतला. काहींना तो कुठेतरी होगनमध्ये बायका-पोरांत राहतो आहे असं अनेक वर्षं वाटत राहिलं. मला पडण्याचा तर्क सर्वांत पटतो, आणि त्याचं कारण साधं आहे: गाढवं आवारात ठेवून जाणारा माणूस संध्याकाळपर्यंत परत यायच्या बेतात असतो. पण मग वह्या आणि पांघरुणं कुठे गेली, या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही.

आई-वडिलांनी काय केलं? त्यांनी पत्रं जमवली. भावाला, मित्रांना, चित्रकारांना, त्यांना स्वतःला आलेली. 1940 मध्ये त्यांतून एक पुस्तक निघालं. पुढे लेखक वॉलेस स्टेग्नरने त्याच्यावर लिहिलं, 1983 मध्ये पत्रांचा मोठा संग्रह आला, 1996 मध्ये जॉन क्राकॉरने ‘इन्टू द वाइल्ड’मध्ये अलास्कात उपासमारीने गेलेल्या ख्रिस मॅक्कँडलेसशेजारी त्याला उभं केलं. तेव्हापासून दोघांची नावं जोडीने घेतली जातात. मला त्यांत मोठा फरक दिसतो. मॅक्कँडलेसने 1990 मध्ये घरच्यांशी सगळे धागे तोडले आणि दोन वर्षं त्यांना आपला पत्ता लागू दिला नाही. एव्हरेट सतत पत्ते देत होता. अमुक तारखेपर्यंत अमुक पोस्टात, त्यानंतर तमुक. आज आपल्याला त्याच्याबद्दल जे काही ठाऊक आहे, त्यातलं बहुतेक या पाकिटांतून आलं आहे. वाळवंट त्याने एकट्याने पाहिलं. पण पाहिलेलं कुणाला तरी कळवल्याशिवाय त्याचं भागत नव्हतं.

एक उडी आणखी. 1963. कोलोरॅडोवर ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद होतात. पाणी मागे सरकत एकेका घळीत शिरतं. धरणामागचा लेक पॉवेल हा जलाशय पूर्ण भरायला 1980 उजाडतं. डेव्हिस गल्चचा खालचा भाग बुडतो, आणि जिथे घोडे घसरत उतरले होते त्या भिंतींमधून मोटारबोटी फिरू लागतात. या शतकातल्या दुष्काळात पाणी पुन्हा खाली गेलं, बुडालेल्या भिंती पांढरट क्षारांचा पट्टा घेऊन बाहेर आल्या.

आणि शेवटचा मुक्काम, 2009. या वेळी घळींपासून दूर, युटाच्या आग्नेय कोपऱ्यात, कोम्ब रिज नावाच्या दगडी धारेपाशी. एका नवाहो कुटुंबात पिढीजात सांगितली जाणारी आठवण होती: तीसच्या दशकात एका गोऱ्या तरुणाला इथे मारताना आजोबांनी लांबून पाहिलं होतं, आणि नंतर त्याला कपारीत पुरलं होतं. नातवाने शोध घेतला, हाडं मिळाली. एप्रिलमध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की डीएनए जुळतो, हा एव्हरेटच. जगभर बातम्या झाल्या. पंचाहत्तर वर्षांनी कोडं सुटलं. काही जणांनी दातांच्या नोंदींवरून शंका काढल्या. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेने पुन्हा तपासणी केली आणि निकाल उलटा आला: ही हाडं एव्हरेटची नाहीत. ती मूळनिवासी माणसाची असावीत.

वॉल्डोच्या मुलांनी तो निकाल मान्य केला, हाडं परत दिली. वर्तमानपत्रांत दोन दिवस निराशा होती, एव्हरेट पुन्हा हरवला अशी. तुम्ही त्या कपारीपाशी थोडा वेळ उभे राहा. इथेही एक माणूस पुरलेला होता. त्यालाही कुणीतरी इथवर वाहून आणलं, दगड रचले. काही महिने तो लॉस एंजेलिसचा वीस वर्षांचा चित्रकार समजला गेला, तेवढ्या काळापुरती त्याची हाडं प्रयोगशाळांत गेली, त्याच्या कवटीवर मासिकांनी लेख छापले. मग तो एव्हरेट नाही असं ठरलं, आणि तो कोण होता हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही.